खाऱ्या पाण्यातला नवा मासा: किरकोळ दुखणी आणि पहिले सहा आठवडे

कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या एखाद्या दुकानातून खाऱ्या पाण्यातला मासा घरी आणला, आणि पिशवी दिव्यासमोर धरून पाहिली, की दुकानातल्या निळ्या उजेडात न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. क्लाउनफिशच्या शेपटीची कड फाटलेली असते, टँग जातीच्या माशाच्या एका डोळ्यावर धुके साचल्यासारखे दिसते, किंवा डोक्यामागचा भाग खपाटीला गेलेला असतो. यात नवल काही नाही. हा मासा बहुधा कुठल्या तरी प्रवाळ खडकाजवळ जाळ्यात सापडलेला असतो, मग व्यापाऱ्याच्या टाकीत राहिलेला असतो, अनेकदा चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या मोठ्या बाजारातून विमानाने आलेला असतो आणि आपल्या हॉलपर्यंत पोहोचेस्तोवर त्याने तीन-चार वेळा पाणी बदललेले असते. या काळात तो नीट जेवलेलाही नसतो. त्यामुळे त्याची निम्मी दुखणी ही प्रवासाची दुखणी असतात आणि त्यांवरचा इलाज म्हणजे स्वच्छ पाणी, अंधार, आडोसा आणि अन्न. औषधाची बाटली त्यानंतर येते, आणि तीही रोग ओळखल्यावरच.

हे मी स्वतः चुकून शिकलो. माझ्या पहिल्या पावडर ब्लू टँगच्या अंगावर जेमतेम पाच-सहा पांढरे ठिपके होते. मी त्याला सरळ मुख्य टँकमध्ये सोडले आणि दुसऱ्या दिवशी त्याच टँकमध्ये तांब्याचे औषध ओतले. संध्याकाळपर्यंत कोळंब्या आणि गोगलगायी मेल्या, लाइव्ह रॉकने, म्हणजे जिवाणू रुजलेल्या सच्छिद्र दगडांनी, तांबे शोषून घेतल्यामुळे औषधाची मात्रा टिकेना, आणि चौथ्या दिवशी टँगही गेला. अपृष्ठवंशी जिवांसाठी हे औषध घातक असल्याचे बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेले होते. ते मी त्यानंतर वाचले.

खरेदीच्या वेळी

दुकानदाराला मासा खाताना दाखवायला सांगावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही. मासा अन्नाकडे झेपावतो की नुसता बघत राहतो, अन्न तोंडात घेऊन थुंकतो की गिळतो, हे पाहावे. कल्ल्यांची उघडझाप त्याच टाकीतल्या त्याच जातीच्या इतर माशांशी ताडून पाहावी. एकच कल्ला हलत असेल आणि दुसरा मिटलेला असेल, किंवा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकत असेल, तर तो कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये. त्याच टाकीत मेलेला मासा दिसला, तर त्या टाकीतले काहीच घेऊ नये.

मासा कालच आला असेल, तर बयाणा देऊन तो आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगणे सर्वांत शहाणपणाचे. तो गचकायचा असेल तर बहुधा याच आठवड्यात गचकतो. पिलांपासून बंदिस्त वाढवलेला क्लाउनफिश मिळत असेल, तर दोन पैसे जास्त देऊन तोच घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र भारतात विकसित केलेले आहे आणि असे मासे तयार अन्नाला सरावलेले असतात. जाता जाता एक गोष्ट: समुद्री घोडे आणि दगडी प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून संरक्षित आहेत, तेव्हा ते कोणी ‘मागच्या खोलीतून’ दाखवले तरी मोहात पडू नये.

निघण्यापूर्वी टाकीतल्या पाण्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, विचारावी. ती सहसा सापेक्ष घनतेत, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत ते किती जड आहे यात, सांगतात. समुद्राच्या पाण्याची सापेक्ष घनता साधारण १.०२५ असते, परंतु अनेक दुकाने मीठ वाचवण्यासाठी आणि परजीवी आटोक्यात ठेवण्यासाठी ती १.०१८ ते १.०२० इतकी कमी ठेवतात. हा एक आकडा हाती नसेल, तर पुढची सारी काळजी वाया जाऊ शकते.

विलगीकरणाचा टँक

नवा मासा मुख्य टँकमध्ये सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळा ठेवण्याचा हा टँक मासा आणण्याच्या आधी तयार हवा. मासा आणल्यावर केलेली धावपळ माशालाच भोवते. लहान माशांसाठी ५० ते ६० लिटरचा टँक पुरतो, टँगसारख्या सतत पोहणाऱ्या माशांसाठी १०० लिटरच्या वरचा बरा. तळाशी वाळू नको, प्रवाळ नको, दगड नको. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी पाइपचे दीड-दोन इंची नवे एल्बो टाकावेत. ते दिसायला गबाळे दिसतात, परंतु औषध शोषत नाहीत आणि धुऊन वाळवता येतात.

खरे महत्त्व स्पंज फिल्टरला आहे. मुख्य टँकच्या संपमध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, तो तीन-चार आठवडे आधीच टाकून ठेवावा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात रुजतात. कोरा स्पंज लावून केलेले विलगीकरण म्हणजे माशाला त्याच्याच मूत्रात ठेवणे होय. त्याखेरीज हीटर, थर्मामीटर, एअर पंप आणि घट्ट जाळीचे झाकण एवढे सामान लागते. झाकणाचा कंटाळा करू नये. रास माशांना उडी मारायला दोन बोटांची फट पुरते.

पाणी आरओचे घ्यावे, त्यात समुद्री टँकसाठीचे मीठ आदल्या दिवशी मिसळावे आणि रात्रभर पंप चालू ठेवावा. जुहूचे किंवा गिरगावचे पाणी कॅनमध्ये भरून आणणारे लोक मला ठाऊक आहेत. पावसाळ्यात त्या पाण्याची क्षारता घसरते, आणि किनाऱ्यालगत शहराचे सांडपाणी वर्षभर मिसळत असते. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी आणि त्याचे मापन ३५ भाग प्रतिहजार क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावे. केवळ आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलेले यंत्र समुद्राच्या क्षारतेजवळ चुकू शकते.

तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे. पुण्या-नाशकात हिवाळ्यात हीटर अटळ आहे; मुंबईत त्याची गरज एसीच्या खोलीत पडते. मे महिन्यात मात्र प्रश्न उलटा होतो. पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पण मीठ मागेच राहत असल्याने क्षारता चढते, म्हणून आटलेले पाणी रोज साध्या आरओच्या पाण्याने भरावे लागते. वीज जाण्याची सवय असलेल्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा.

घरी आणल्यावरचा पहिला तास

खोलीतले दिवे मंद करावेत, टँकचा दिवा बंद ठेवावा आणि पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. पिशवीचे तोंड उघडण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रवासात माशाच्या श्वासाने पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पाण्याचा पीएच उतरतो, आणि त्या कमी पीएचमध्ये साठलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी, रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडू लागतो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. म्हणून रात्रभर प्रवास केलेल्या माशाची पिशवी उघडून, त्यात दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसण्याची जुनी पद्धत अशा माशासाठी घातक ठरते. शेजारच्या उपनगरातून तासाभरात आणलेल्या माशाला अर्ध्या-पाऊण तासाचे सावकाश मिश्रण चालते.

यावरचा चांगला उपाय म्हणजे विलगीकरण टँकची क्षारता आधीच दुकानाच्या पाण्याएवढी करून ठेवणे. पिशवी उघडल्याबरोबर तिच्यातले पाणी मोजावे, फरक ०.००२ च्या आत असेल तर मासा सरळ टँकमध्ये सोडावा. फरक जास्त असेल तर टँकमध्ये आरओचे पाणी घालून टँकच पिशवीच्या पातळीवर आणावा. क्षारता उतरणे मासे बऱ्यापैकी सोसतात, चढणे त्यांना जड जाते. म्हणून पुढे ती वाढवताना दिवसाला ०.००१ ते ०.००२ पेक्षा अधिक वाढवू नये.

मासा जाळीने न उचलता प्लास्टिकच्या छोट्या डब्याने उचलावा. टँगच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा काटा असतो. तो जाळीत अडकतो आणि सोडवताना आपले बोट व त्याचे पर दोन्ही फाटतात. पिशवीतले पाणी टँकमध्ये जाता कामा नये, ते मोरीत ओतावे.

पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी मासा कोपऱ्यात दडून राहिला, फिका पडला किंवा खाल्ले नाही, तर त्याला आजार समजू नये. कित्येक माशांचा रात्रीचा रंग दिवसाच्या रंगाहून वेगळा असतो. फॉक्सफेस तर घाबरला की अंगभर तपकिरी डाग घेऊन बसतो आणि अर्ध्या तासात पुन्हा पिवळाजर्द होतो. मला रात्री अकराला आलेले ‘मासा सडतोय’ असे किती तरी फोन या फॉक्सफेसचे होते.

अमोनिया रोज तपासावा. तो शून्यावर हवा. किटच्या रंगात हिरवट छटा दिसली की चौथा हिस्सा पाणी त्याच तापमानाच्या व क्षारतेच्या पाण्याने बदलावे. नायट्राइटची गोड्या पाण्यातल्याइतकी धास्ती इथे नसते, कारण समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड त्याचा शिरकाव रोखते. एका वहीत तारीख, तापमान, क्षारता, अमोनिया, माशाने काय खाल्ले आणि एका मिनिटात कल्ले किती वेळा उघडले, एवढे लिहून ठेवावे. कल्ल्यांचा आकडा सर्वांत आधी बोलतो: काल ७० असलेला आकडा आज ११० झाला, तर अंगावर काही दिसो वा न दिसो, काही तरी बिघडलेले आहे.

अन्नाच्या बाबतीत थोडी खुशामत करावी लागते. गोठवलेली मायसिस कोळंबी बहुतेक मासे स्वीकारतात. न खाणाऱ्याला जिवंत आर्टेमिया हा कोळंबीसारखा इवला जीव द्यावा. त्यात पोषण कमी असते, पण त्याच्या हालचालीने भूक चाळवते. टँगसाठी मसाला नसलेली नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पापुद्रा, क्लिपला लावून टांगावी. कॉपरबँड बटरफ्लायसारख्या लांब तोंडाच्या हट्टी माशासाठी आपल्या बाजारातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उत्तम. त्या स्वच्छ धुऊन आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, मग एक शिंपली अर्धी उघडून मांसासकट तळाशी ठेवावी. मासा आधी लांबून बघतो, मग तिरका होऊन एका डोळ्याने न्याहाळतो, आणि एकदा का त्याने पहिला लचका तोडला, की दुसऱ्या दिवसापासून तो हाताची वाट बघू लागतो. उरलेले अन्न १५-२० मिनिटांत काढून टाकावे, नाहीतर केलेली खातिरदारी अमोनियाच्या रूपाने परत येते.

खरोखर किरकोळ असलेली दुखणी

फाटलेले पर आणि हलके ओरखडे यांना औषध लागत नाही. कड स्वच्छ असेल आणि मासा खात असेल, तर दोन-तीन आठवड्यांत पर भरून येतो. नवा भाग सुरुवातीला पारदर्शक असतो. मात्र कड पांढरी, धाग्याधाग्यांची होऊन दिवसागणिक आत सरकत असेल, किंवा पराच्या मुळाशी लाली पसरत असेल, तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे. तेव्हा पाण्याची गुणवत्ता आधी सुधारावी आणि प्रतिजैविक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. कोणाकडे उरलेली कॅप्सूल फोडून टाकीत टाकणे हा उपचार नव्हे.

डोळ्याबाबत एक साधा नियम उपयोगी पडतो. एकच डोळा धुरकट किंवा सुजलेला असेल तर बहुधा तो मुका मार असतो, पिशवीत किंवा जाळीत लागलेला, आणि शांत, स्वच्छ पाण्यात तो बरा होतो. दोन्ही डोळे धुरकटले, तर पाणी, संसर्ग किंवा चपटे परजीवी यांचा संशय घ्यावा.

पराच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरट गाठ दिसली, तर ती बहुधा लिम्फोसिस्टिस असते. हा विषाणूजन्य विकार आहे, त्यावर औषध नाही आणि त्याची गरजही सहसा पडत नाही. मासा निवांत झाला आणि नीट खाऊ लागला, की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाठी गळून जातात. ती गाठ ब्लेडने खरवडू नये.

खपाटीला गेलेल्या पोटावर उपाय म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे अन्न. परंतु मासा भरपूर खाऊनही आठवड्यांमागून आठवडे वाळतच गेला, तर आतड्यातले परजीवी असू शकतात, किंवा तो सायनाइडने गुंगवून पकडलेला असू शकतो. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात ही पद्धत अनेक दशके चालत आली आहे. असे नुकसान घरी ओळखण्याचा मार्ग नाही आणि भरून काढण्याचाही नाही.

किरकोळ दिसणारी, पण नसलेली

सर्वांत फसवा म्हणजे समुद्री इक. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा हा परजीवी मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके देतो, तीन ते सात दिवसांत माशाला सोडून तळाशी जातो आणि कवच करून बसतो. त्या दिवशी माशाचे अंग स्वच्छ दिसते आणि पालक पेढे वाटतो. कवचातून पुढची शेकडो पिल्ले बाहेर पडतात ती साधारण तीन दिवसांपासून ते कित्येक आठवड्यांनी. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे धरू नये.

त्यावर दोन विश्वासार्ह मार्ग आहेत. पहिला, औषधाशिवायचा, म्हणजे टँक बदलण्याची पद्धत: मासा दर ७२ तासांनी पूर्णपणे नव्या, कोरड्या करून भरलेल्या टबमध्ये हलवायचा, असे चार वेळा. परजीवी जुन्या टबमध्ये कवचात राहतो आणि मासा पुढे निघून जातो. दोन्ही टबांचे हीटर, एअर स्टोन आणि जाळ्या वेगळ्या हव्यात, आणि वापरलेला टब धुऊन खडखडीत वाळवायला हवा. दुसरा मार्ग तांब्याचा. साध्या आयनिक तांब्याची मात्रा सामान्यतः लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते आणि ती सुमारे ३० दिवस अखंड टिकवावी लागते. बांधलेल्या, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी जोडून स्थिर केलेल्या, तांब्याच्या औषधांची मात्रा निराळी आणि पुष्कळ जास्त असते, म्हणून ती त्या त्या बाटलीवरूनच घ्यावी. ज्याच्याकडे तांबे मोजण्याचे किट नाही, त्याने तांबे वापरूच नये.

ठिपके मिठासारखे न दिसता सोनेरी पिठासारखे दिसत असतील, मासा पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहत असेल आणि उजेड टाळत असेल, तर तो व्हेल्वेट नावाचा दुसरा परजीवी रोग समजावा. त्यात दिवस नव्हे, तास मोजावे लागतात, आणि टँक बदलण्याची पद्धत तिथे भरवशाची नाही. तांबे त्याच दिवशी सुरू करावे. क्लाउनफिशच्या अंगावरून जाड पांढरी बुळबुळीत साल सुटू लागली, तर तो ‘ब्रुकलिनेला’ नावाचा परजीवी असतो, त्यावर तांबे चालत नाही, फॉर्मलिन लागते. फॉर्मलिन हाताळताना हातमोजे घालावेत, खोली हवेशीर ठेवावी आणि बाटलीत पांढरा साका बसलेला असेल तर ती वापरू नये. क्रोमिस आणि डॅमसेलच्या कुशीवर तांबडा चट्टा उठला, तर युरोनिमा या परजीवीची शंका घ्यावी. त्यात मासा वाचणे कठीण असते.

चपट्या परजीवींची खात्री गोड्या पाण्याच्या बुडीने करता येते. काळ्या बादलीत त्याच तापमानाचे आरओचे पाणी घ्यावे, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पीएच ८.२ च्या आसपास आणावा, एअर स्टोन अर्धा तास चालू ठेवावा आणि मग मासा पाच मिनिटे त्यात सोडावा. सुरुवातीला तो आडवा पडू शकतो. पण मिनिटाभरात सावरला नाही किंवा श्वास मंदावला, तर लगेच बाहेर काढावा. मासा काढल्यावर बादलीच्या तळाशी तिळासारखे चपटे पांढरट तुकडे दिसले, तर ते हेच परजीवी. खाऱ्या पाण्यात ते काचेसारखे पारदर्शक असतात, म्हणून अंगावर दिसत नाहीत. बुडीने ते सगळे जात नाहीत. त्यासाठी प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक लिटरमागे २.५ मिलिग्रॅम द्यावे आणि पाच ते सात दिवसांनी मात्रा पुन्हा द्यावी.

औषधाचा हिशेब

मात्रा टँकच्या छापील क्षमतेवर काढू नये. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद टँकमध्ये पाणी ३० सेंटिमीटर भरले असेल, तर गुणाकार ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. त्यासाठी प्राझिक्वांटेल १३५ मिलिग्रॅम लागेल. स्वयंपाकघरातला वजनकाटा इतके बारीक वजन दाखवत नाही. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा लागतो. हे औषध पाण्यात सहज विरघळत नाही आणि ते टाकल्यावर पाणी कधी कधी दुधाळ होऊन प्राणवायू घटतो, म्हणून हवा वाढवावी.

उपचाराच्या काळात कार्बनची गाळणी आणि अतिनील दिवा बंद ठेवावा. दोन औषधे एकत्र देऊ नयेत. विशेषतः तांबे चालू असताना अमोनिया बांधून ठेवणारे द्रव घालू नये. त्यांतल्या काहींमुळे तांबे अधिक विषारी रूपात जाते. अमोनिया चढलाच तर पाणी बदलावे आणि बदललेल्या पाण्यापुरती औषधाची भर घालावी. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत, कारण माशांमधला मायकोबॅक्टेरियम मरिनम माणसाच्या त्वचेतही चिवट फोड उठवतो.

मुख्य टँकमध्ये हलवताना

विलगीकरण चार ते सहा आठवड्यांचे असावे आणि शेवटचे दोन आठवडे तरी मासा औषधाविना, ठिपक्यांविना आणि चांगल्या भुकेने राहिलेला असावा. मध्येच दुसरा नवा मासा त्या टँकमध्ये आला, तर मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होते. मुख्य टँकमध्येच इक शिरलेला असेल, तर त्यातले सगळे मासे बाहेर काढून तो ७६ दिवस माशांविना ठेवण्याचा प्रघात आहे. कोळंब्या आणि गोगलगायी आत राहिल्या तरी चालतात.

हलवण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही टँकची क्षारता व तापमान जुळवावे. मुख्य टँकमधल्या दांडगट माशाची जागा मोडावी म्हणून एक-दोन दगड हलवावेत, दिवे बंद करावेत आणि रात्री मासा डब्यातून सोडावा. रिकामा झालेला विलगीकरण टँक, पाइप आणि एल्बो गोड्या पाण्याने धुऊन गच्चीवरच्या उन्हात वाळवावेत. त्या टँकमध्ये तांबे वापरले असेल, तर तो स्पंज पुन्हा संपमध्ये टाकू नये. नवा घेऊन तो आजच रुजायला ठेवावा. माझ्याकडे विलगीकरणाच्या जाळीला, बादलीला आणि सायफनच्या नळीला लाल दोरा बांधलेला आहे, आणि लाल दोऱ्याची वस्तू मुख्य टँकजवळ न्यायची नाही हे घरातल्या आठ वर्षांच्या मुलालाही माहीत आहे.